जू न उतरलेली अवस

वारा अमरावतीकडून असला, की तिथल्या सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा वलगावापर्यंत ऐकू येतो. पौषात तो जरा जास्तच येतो. पहाटे मी संध्येला बसतो, पहिली पळी हातावर घेतो आणि तिकडं भोंगा वाजतो. मग गावातली चार-सहा माणसं डोक्याला फडकी गुंडाळून निघतात. पूर्वी आमच्या गावाला दिवस कसा जाणार, हे मी सांगत असे. आता तो भोंगा सांगतो. मला त्याचा राग नाही. थोडी गंमत वाटते, इतकंच.

मी या गावचा जोशी. तिथी सांगणं, पत्रिका मांडणं, बारशा-लग्नाचे मुहूर्त काढणं, हे आमच्या घरात कितव्या पिढीपासून चालत आलं आहे ते मलाही सांगता येणार नाही. आमच्याकडं अवसेला बैल जुंपत नाहीत. शेतात असो की वाटेत, त्या दिवशी जू उतरवायचं, बैलांना न्हाऊ घालायचं, सरकी चारायची आणि माणसानं घरी बसून जेवायचं. बायका त्या दिवशी वेचणीला जात नाहीत. वर्षाला बारा दिवस हक्काचे, आणि ते दिवस कधी येतात हे पंचांगात पाहून सांगणारा मी. हे काम फार मोठं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. कापसाची तेजी आली तेव्हा ते एकाएकी मोठं झालं.

तेजी का आली, याचं गावातलं उत्तर सोपं होतं. साता समुद्रांपलीकडं अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेला वऱ्हाडची आठवण झाली. लोक त्या लांबच्या लढाईबद्दल असं बोलत, जणू शेजारच्या आळीतलं भांडण असावं. “चालू दे म्हना अजून दोन वर्स,” असं पारावर कोणी म्हणालं की बाकीचे माना डोलवत. तिथं माणसं मरत असतील, हे कोणाच्या मनात येत नसे. माझ्याही आलं नाही.

त्या हंगामाचं मला आज जे आठवतं ते बरंचसं पांढरं आहे. अमरावतीच्या वाटेवरच्या बाभळी दोन्ही अंगांनी कापसानं माखलेल्या असत. भरून चाललेल्या बंड्यांतून कापूस काट्यांना लागून राही आणि तो काढून घ्यायलाही कोणाला उसंत नसे. सरकीचा तेलकट वास ओसरीपर्यंत यायचा. बायकांच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या, आणि त्याच बोटांनी त्या भाकरी थापायच्या. दव सुकल्याशिवाय वेचायचं नाही, ही जुनी रीत. त्या वर्षी दवातच कमरेला बांधलेले ओटे भरले गेले आणि ओला कापूस पिवळा पडला. वेचणीच्या आधी वावरात सीतादही करतात, दहीभाताचा घास मातीला देतात, तेही बहुतेकांनी उभ्या-उभ्या उरकलं. अकोल्याकडं कोणी बंडीच्या चाकाला चांदीची पट्टी मारली, अशी बातमी होती. मला ती चांदी पाहिलेला माणूस भेटला नाही. तिच्या आशेनं पळणारी माणसं मात्र रोज भेटत.

पुंजाजी त्यातलाच. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, लहानपणी नदीत माझ्याबरोबर पोहलेला. काळी जमीन चांगली, घरचं खाऊन-पिऊन सुखी, आणि बैलांची जोडी अशी, की माणसं वाट सोडून पाहायला येत. त्याचा स्वतःचा कापूस कार्तिकातच अकोल्याला गेला. तिथून परत येताना त्याच्या ध्यानात आलं, की लोकांचा कापूसही असाच नेता येईल. मग तो थांबलाच नाही. एक खेप टाकून आला, की बंडी अंगणात वळण्याआधी दुसरी भरायला उभी.

त्याच कार्तिकात त्याला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, त्या दिवशी हा अकोल्यात. त्याची बायको सारजा म्हणाली, बाप आल्यावर करू. मी पुढचा चांगला दिवस काढून दिला. त्या दिवशी तो मूर्तिजापुरात. मी आणखी एक काढून दिला. मुहूर्त काढायला मला काय लागतं? पंचांग उघडायचं, बोट फिरवायचं.

कार्तिकातली अवस जवळ आली तेव्हा पुंजाजी माझ्या ओसरीवर आला. बंडी दाराशी भरून उभी.

“महाराज, अवस कवा लागते?”

“उद्या दुपारी.”

“मी आज निंघालो तं वाटेत लागन. वाटेत एक दिवस बसलो तं अकोल्यात माह्या आधी दुसऱ्याचा माल पोचते. काई तोड हाये का?”

त्याला नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्या मागं आणखी तीन बंड्या थांबल्या होत्या आणि चौघंही माझ्या तोंडाकडं पाहत होते. इतक्या घाईतली माणसं माझ्यासाठी थांबली आहेत, याचं मला बरं वाटलं. आरंभलेल्या कार्याला सुतक आड येत नाही, असं शास्त्र आहे. तेच मी बैलांना लावलं. म्हटलं, “अवस लागायच्या आधी जुंपलेली बंडी चालते. ते आरंभलेलं कार्य झालं.” आणि फार सैल बोललो असं वाटू नये म्हणून वर एक अट घातली. “पण एकदा का जू उतरलं, की त्या अवसेला पुन्हा चढवायचं नाही. तसं केलं तर दोष.”

पुंजाजीनं पायांवर डोकं ठेवलं. ती अट मी तिथल्या तिथं रचली होती.

हा नियम माझ्यापेक्षा वेगानं फिरला. आठवड्याभरात लोक अचलपुराकडून विचारायला येऊ लागले. कोणाला अवसेचं, कोणाला ग्रहणाचं, कोणाला सोमवारी बैल न जुंपण्याचं. वेचणीला बायका पाठवायच्या आहेत, घरात सुतक आहे, कसं करावं? मी प्रत्येकाला काही ना काही वाट काढून देत होतो. दारात शिधा येऊन पडत होता. माझी संध्या आटोपशीर झाली, जेवण दोन घासांवर आलं, आणि घरची मंडळी, म्हणजे बायको, एकदा म्हणाली, “अहो, कापूस आपल्या वावरात नाही, आणि तुम्ही का धावताय?” मी हसून वेळ मारून नेली. लोकांच्या सुट्ट्या कापण्याच्या कामात मला स्वतःला सुट्टी राहिली नव्हती, हे आज सांगताना हसू येतं. तेव्हा मी फार गंभीरपणे दमत असे.

मार्गशीर्षातल्या अवसेला मी शेजारच्या गावी श्राद्धाला गेलो होतो. परत येताना भर दुपारी अमरावतीच्या वाटेवर बाभळींखाली बंड्यांची रांग उभी दिसली. थांबलेल्या होत्या, म्हणजे माणसं जेवत होती. बैलांपुढंही कडबा टाकलेला होता. पण जू कोणत्याच बैलाच्या मानेवरून उतरलेलं नव्हतं. कडब्यापर्यंत तोंड पोचावं म्हणून बैल गुडघे वाकवत होते. एका गडी-माणसानं तेल आणलं होतं आणि जुवाखाली दोन बोटं सारून तो मान चोळत होता, जू न उचलता.

पुंजाजी मला पाहून उठला. त्याचे डोळे जागरणानं लाल, ओठ फुटलेले. चेहरा मात्र खुशीत.

“तुमचा सबद मोडला नाई महाराज. काल सकायपासून जू उतरवलंच नाई. उतरवलं असतं तं पुन्हा जुंपता आलं नसतं ना?”

“रात्रीसुद्धा नाही?”

“रातीबी नाई. उभेच होते बिचारे.”

त्यानं मला फसवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या बोलण्यात फसवणूक नव्हती, भक्ती होती. सांगितलं तसं त्यानं अक्षर न चुकता पाळलं होतं आणि आता मी शाबासकी द्यावी म्हणून तो उभा होता. बैलांचा हक्काचा दिवस मी त्यांच्या वर्षातला सगळ्यात वाईट दिवस करून ठेवला होता. “उतरव” एवढाच शब्द बोलायचा होता. पण तो बोललो असतो, तर नियम माझ्या पदरचा होता हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, “बरं. सावकाश जा.” आणि घरी आलो. लाज वाटली, ती मी घरात कोणाला सांगितली नाही.

दहा-बारा दिवसांनी सारजा आली. सकाळची वेळ, ओसरीवर पाच-सहा माणसं बसलेली. ती पायरीच्या खाली उभी राहिली, मूल खांद्याशी. पोर दोन महिन्यांची झाली होती, मान धरायला लागली होती, आणि अजून तिला नाव नव्हतं. घरात सगळे ‘पोट्टी’च म्हणत.

“महाराज, माही अवस तुमी कुठी ठेवली?”

मला प्रश्न कळला नाही.

“लगन झाल्यापासून अवसेले हे घरी राह्यत. दुसरं काई नाई, पन तेवढा दिवस राह्यत. बैल धुवत, मंग जेवत, मंग झोपत. दोन अवसा झाल्या, मले मानूस दिसला नाई. हे पोट्टी त्यायले पाहून रडते.”

ओसरीवरची माणसं पंचांगाकडं पाहू लागली. मी म्हणालो, “हंगाम आहे बाई. चार महिन्यांचा प्रश्न.”

“मंग बारसं अवसेले ठेवा.”

“काय?”

“पौषातल्या अवसेले. तुमी काढलेल्या मुहूर्ताले ते येत नाईत. अवसेचं तुमी सांगा, का त्या दिवशी पोट्टीचं बारसं हाये, बैलं सोडा. तुमचं आयकतात ते. माहं नाई आयकत.”

“पौष महिना, त्यात अवस. शुभकार्य होत नाही.”

“मंग कापसाचं कसं झालं?”

“ते आरंभलेलं कार्य होतं. अवसेच्या आधी सुरू झालेलं.”

सारजानं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “माही पोट्टीबी अवसेच्या आधीच जलमली ना महाराज.”

शास्त्र अपुरं पडलं की आमच्या पेशातली माणसं जे करतात तेच मी केलं. आवाज चढवला. “शास्त्र तुझ्या सोयीनं वाकत नाही.” ती “बरं” म्हणाली आणि गेली. पुढच्या माणसाला सोमवारची अडचण होती. ती मी सोडवून दिली.

पौषातली अवस चार घटका दिवस वर आल्यावर लागायची होती. त्यामुळं त्या दिवशी गावातल्या सगळ्या बंड्या उजाडण्याच्या सुमारास जुंपल्या गेल्या आणि नदीच्या उतारावर एकच गर्दी झाली. उतार अरुंद, एका वेळी एक बंडी जाणारी. पुंजाजीची जोडी सगळ्यात पुढं. पण पलीकडून रिकाम्या बंड्या येत होत्या, त्यांना वाट देण्यात उशीर होत गेला. मी अंगणात होतो. पुंजाजीची बहीण धापा टाकत आली.

“महाराज, अवस लागली का?”

मी सावली पाहिली, पंचांग पाहिलं. “आत्ताच लागली.”

ती आली तशी पळत गेली. मला वाटलं, भाविक बाई आहे.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण गावानं इतक्या वेळा सांगितलं आहे की डोळ्यांसमोर आहे. सारजा उताराशी मूल घेऊन उभीच होती. नणंदेनं लांबून हात हलवला तसं तिनं मूल शेजारणीकडं दिलं, नवऱ्याच्या बंडीपुढं गेली आणि दोन्ही बैलांच्या गळ्यातले जोत्यांचे पट्टे सोडून जू खाली टाकलं. मानेवरचे केस गेलेले, कातडी लाल झालेली. जू उतरलं तरी बैल जागचे हलले नाहीत. मान तशीच वाकवून उभे होते. सांगणारा प्रत्येक माणूस इथं जरा थांबतो.

पुंजाजी ओरडला, “काय केलं हे? आता आज जुंपता येत नाई!”

“नाईच येत. तुमचे महाराजच सांगतात.”

पुढची बंडी उतारात अडली, त्यामुळं मागची कोणतीच हलेना. काहींनी शिव्या दिल्या. पुंजाजीनं जुवाला हात घातला, असं म्हणतात. मग आपल्या बैलाच्या मानेकडं पाहिलं आणि हात काढून घेतला. जरा वेळानं मागच्या एकानं जू उतरवलं, मग त्याच्या मागच्यानं. अर्ध्या घटकेत सगळी रांग सुटली. बैल पाण्यात गेले.

बंडीखाली, दोन चाकांच्या मध्ये झोळी बांधली गेली. घरोघरी घुगऱ्या शिजायला पडल्या. आणि पुंजाजी मला बोलवायला आला.

“महाराज, चला. पोट्टीचं नाव ठेवून राहिलो.”

“पौषात? अवसेला? मी कसा येऊ?”

“काई म्हनू नका तुमी. मंतर नको, काई नको. फकत उभे राहा.”

मी नाही म्हणून मान हलवली. तो नमस्कार करून गेला.

त्या दिवशी माझ्याकडं विचारायला कोणीच आलं नाही. मंडळीनं गरम भात वाढला, शेजारी बसली, म्हणाली, “किती दिवसांनी निवांत जेवताय.” मी जेवलो. भाताची चव आठवत नाही. कान नदीकडं होते. पार तिसऱ्या प्रहरी तिकडून ‘कुर्र’ ऐकू आलं, आत्याच्या पाठीत बायकांनी घातलेल्या धपाट्यांचा आवाज आला, हसणं आलं. एवढ्याशा बारशाला एवढा उशीर! बायकांना वेळेचं भान नसतं, असं मी मनात म्हटलं. मुलीचं नाव तुळसा ठेवलं, ते मला दुसऱ्या दिवशी गुराख्याकडून कळलं.

पुढं तिकडची लढाई संपली आणि इकडची तेजी उतरली. बाभळींवरचा कापूस पावसानं धुऊन नेला. माझ्या नियमाची कोणाला गरज राहिली नाही आणि अवस पुन्हा पूर्वीसारखी पाळली जाऊ लागली. मला कोणी कधी बोल लावला नाही. उलट परवापरवापर्यंत म्हातारे म्हणत, “त्या वर्सी महाराजानं लय सांभाळून घेतलं आमाले.” पुंजाजी तर मरेपर्यंत म्हणायचा. ते ऐकलं की मी विषय बदलत असे. त्याच्या पांढऱ्या बैलाच्या मानेवर केस कधीच पुन्हा आले नाहीत, आणि तो बैल आमच्या दारावरून रोज जायचा.

मला लोकांच्या घाईचं नवल वाटत नाही. पैसा दिसला की माणूस धावणारच, त्यात वाईट काय? नवल वाटतं ते माझं. मी धावणाऱ्यांपैकी नव्हतो. थांबा म्हणण्याचं काम माझ्याकडं होतं, त्याच कामाचा मान मला मिळत होता, आणि मी ते काम ‘चला’ म्हणण्यासाठी वापरलं. कापसासाठी तिथी वाकवली. बाई मूल घेऊन आली तेव्हा ताठ झालो.

परवा तुळसा आली होती. बाळंतपणाला माहेरी आली आहे. मुलगा झाला. माझ्यासमोर पदर सावरून बसली आणि म्हणाली, “महाराज, बारशाचा दिवस पायजे. पन अवसेचाच.”

“अवसेचा का?”

“हे अमरावतीले जिनात हायेत. भोंगा वाजला का जा लागते, रोज. अवसेले मजूर येत नाईत म्हून तेवढा दिवस जिन बंद राह्यते. त्याच दिवशी येता येते त्यायले.” मग जरा चाचरत म्हणाली, “आई म्हने, महाराज अवसेले येत नसतात. तरी इचारून पाह्य.”

“आई कुठं आहे?”

“बाहेर. पायरीपाशी.”

मी उठून बाहेर आलो. सारजा पायरीच्या खाली उभी होती, तेव्हा होती तिथंच. केस पिकले आहेत, पाठीला बाक आला आहे. मी म्हणालो, “सारजा, अवसेलाच करा. मी येतो.”

ती माझ्याकडं पाहत राहिली. “नक्की येता का महाराज? येनार असान तं थांबतो. नाई तं आधीच सांगा.”

“असं का म्हणतेस?”

“तवाबी थांबलो होतो ना. झोळी बांधून, घुगऱ्या घेऊन, साऱ्या बायका. हे म्हनत, महाराज येतीन, आपल्या घरचे हायेत, नाई म्हनले तरी घडीभरात मनातली अढी निंघन. तिसऱ्या पहारापावतर वाट पाह्यली तुमची. पोट्टी भुकेनं रडून रडून थकली, तवा ठेवलं नाव.”

एवढं सांगून ती लेकीला घेऊन गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. झालेली गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं.

उद्या अवस आहे. कधी लागते ते मी पाहिलेलं नाही. पंचांग फडक्यात बांधून वर ठेवलं आहे आणि मंडळीला सांगून ठेवलं आहे, की उद्या कोणी विचारायला आलं तर मी घरी नाही म्हणावं. नाव ठेवायला बायका दुपारी जमतील. मी सकाळीच जाऊन बसणार आहे.